पंडिता रमाबाई : प्रवासाने दृष्टी नेमकी कशी बदलते?

नमस्कार. प्रवासाने माणसाची दृष्टी व्यापक होते, हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की ते कितपत खरे आहे, हे तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. लाखो लोक दूरदूरच्या यात्रा करतात आणि निघतानाची मते जशीच्या तशी परत आणतात. म्हणून आजच्या भागात मी प्रवासाविषयी सर्वसाधारण विधाने न करता पंडिता रमाबाईंच्या भ्रमंतीकडे पाहणार आहे, कारण प्रवासाने विचार कसा बदलतो, याचा टप्प्याटप्प्याने माग घेता येईल असे उदाहरण एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजात त्यांच्याइतके स्पष्ट दुसरे मला आढळत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानातला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले होते, आणि पुढे त्या माउलीने ते लेकीला शिकवले. रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना हे कुटुंब घर सोडून तीर्थाटनाला निघाले. त्या तान्ह्या मुलीला वेताच्या पेटीत निजवून ती पेटी एका माणसाच्या डोक्यावर दिली होती. देवळात बसून पुराण सांगावे, श्रोते देतील त्या दक्षिणेवर गुजराण करावी आणि पुढच्या तीर्थाची वाट धरावी, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. १८७० नंतरच्या दुष्काळात मात्र जवळचे सारे संपले, आणि आई, वडील व थोरली बहीण तिघेही दगावली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नसल्याने वाळूत खड्डे करून त्यांत गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन त्यांनी रात्री काढल्या, असे रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे.

याच भटकंतीतला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. हिमालयातील एका सरोवरात सात तरंगते पर्वत असून निष्पाप भक्ताने प्रार्थना केली की ते काठाकडे सरकतात, अशी ख्याती होती. पाण्यात मगरी आहेत, तेव्हा जवळ जाऊ नका, असे पुजाऱ्यांनी बजावले. तरीही भाऊ पहाटे पोहत गेला, तेव्हा ते पर्वत म्हणजे तराफ्यांवर रचलेले दगडमातीचे ढीग असून त्यांवर झाडे लावली आहेत आणि मागून माणूस ते ढकलतो, हे उघड झाले. तेच सरोवर असंख्य यात्रेकरूंनी पाहिले होते आणि ते श्रद्धा दृढ करून परतले होते. या भावंडांनी मात्र सांगितलेले आणि दिसलेले यांची गाठ घालून पाहिली, आणि माझ्या मते दृष्टी बदलते ती याच कृतीने. नुसते अंतर कापल्याने नव्हे. १८७८ साली ती कलकत्त्याला पोहोचली, तेव्हा तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या खऱ्या. पण ज्या शास्त्रांच्या ज्ञानासाठी हा गौरव झाला, त्यांच्यावरचा त्यांचा विश्वास एव्हाना डळमळू लागला होता.

दुसरा मोठा प्रवास समुद्रापलीकडचा. लग्नानंतर वैधव्य आल्यावर, आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन, त्या १८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. परंतु लंडनमधील फुलम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी आश्रय देतात, हे त्यांनी पाहिले, आणि आपल्याकडे अशा स्त्रियांसाठी असे काही होत असल्याचे आपण कधी ऐकलेही नाही, हे त्यांच्या मनाने घेतले. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यावरून त्या इंग्लंडला शरण गेल्या असे कुणी म्हणेल, तर ते चूक ठरेल. त्यांचा शाकाहार कायम राहिला. क्रॉसवर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द का नकोत, असा प्रश्न त्यांनी केला. आणि आपण काय मानावे हे ठरवण्याचा अधिकार आपलाच आहे, हे त्या धर्मगुरूंना पत्रांतून ठणकावून सांगत राहिल्या.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. परतल्यावर १८८९ साली त्यांनी मराठीत लिहिलेल्या प्रवासवर्णनात स्त्रियांच्या संस्थांचे आणि शिक्षणाचे मनापासून कौतुक आहे. मात्र कृष्णवर्णीयांचा आणि मूळ रहिवाशांचा तेथे कसा अवमान होतो, हेही त्यांनी झाकलेले नाही. परदेश पाहून दिपून जाणे किंवा नाक मुरडणे या दोन्ही सोप्या वाटा आहेत, आणि आजचे प्रवासाचे बहुतेक व्हिडिओ यांतली एक निवडतात. रमाबाईंकडे जातिभेदाचा स्वानुभव असल्यामुळे तेथला वर्णभेद त्यांना चटकन ओळखू आला, असे मला वाटते.

अमेरिकेतील साहाय्यकांच्या बळावर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा व मुलींसाठी ‘शारदा सदन’ ही निवासी शाळा सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती पुण्यास हलवली. या बदललेल्या दृष्टीची किंमतही मोजावी लागली. धर्मांतराच्या वादावरून १८९३ साली अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, आणि रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक दूर झाले.

तिसरा प्रवास छोटा, पण त्यामागे पहिल्याची शिकवण होती. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना व विधवांना पुणे जिल्ह्यातील केडगावला घेऊन आल्या. पोथी वाचता येत होती, पण पोट भरेल असे दुसरे काम आपल्या कुटुंबाला येत नव्हते आणि मोलमजुरी करायला अभिमान आड येत होता, ही कबुली त्यांनी आपल्या जुन्या दिवसांबद्दल दिली आहे. म्हणूनच केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती सदन या आश्रमात अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम आणि छपाई शिकवण्याची व्यवस्था होती, आणि ही कामे स्त्रियाच करीत.