रॅमला दोष देण्याआधी

मंडळी, नवा संगणक जोडला, बटण दाबलं, पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच. संशय रॅमवर जातो आणि तो बऱ्याचदा बरोबरही असतो. फक्त रॅम ‘खराब’ क्वचितच निघते. ती नीट बसलेली नसते, मदरबोर्डावरच्या चुकीच्या स्लॉटमध्ये असते, नाहीतर तिला झेपणार नाही असा वेग लावलेला असतो.

रॅम डीडीआर५ या नव्या पिढीची असेल तर पहिला उपाय म्हणजे हात न लावता थांबणं. पहिल्यांदा सुरू होताना प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर सिग्नलच्या वेळा जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्याला काही मिनिटं लागतात, रॅम भरपूर असेल तर आणखी जास्त. तोवर बोर्डावरचा ‘डीरॅम’चा दिवा पेटलेला दिसतो, लोक घाबरून वीज बंद करतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं द्या.

तरीही काही दिसलं नाही तर पॉवर सप्लायचा स्विच बंद करा, केबल काढा आणि सगळ्या स्टिक, म्हणजे रॅमच्या पट्ट्या, बाहेर घ्या. एकच स्टिक लावायची, चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. त्याच्याजवळ बहुधा ‘ए२’ छापलेलं असतं. पहिला का नाही? कारण या बोर्डांवर तारा पहिल्या स्लॉटवरून पुढे दुसऱ्यापर्यंत जातात. स्टिक पहिल्यात लावली की पुढचा तुकडा मोकळा लोंबकळतो आणि त्याच्या टोकावरून सिग्नल उलटा फिरून येतो. दोन स्टिक असतील तर दुसरा आणि चौथा स्लॉट. तरी मॅन्युअल एकदा बघाच.

बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोकं अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. कित्येक बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते. तिचा ‘टक’ ऐकून आपण थांबतो आणि दुसरं टोक केसभर वर राहतं. डोळे बोर्डाच्या पातळीला आणून बघा: सोनेरी पट्टीची रेघ तिरकी दिसली, तर स्टिक बसलेली नाही.

आता अदलाबदल. तीच स्टिक वेगळ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी स्टिक त्याच स्लॉटमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोष स्टिकबरोबर फिरला तर स्टिक गुन्हेगार. स्लॉटपाशीच राहिला, त्यातही ‘ए’ किंवा ‘बी’ असा अख्खा चॅनलच (स्लॉटची जोडी) गायब असेल, तर रॅम सोडा आणि प्रोसेसरकडे बघा. कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले गेले असतील, तर सैल करून तिरपे-समोरासमोर थोडे थोडे आवळा. तेवढ्यानं भागलं नाही तर प्रोसेसर उचलून वाकलेली पिन शोधायची.

संगणक सुरू झाला, पण खोक्यावर रॅमचा वेग ६००० असताना बायॉसमध्ये (सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) ४८०० दिसतं. यात बिघाड नाही. वरचा वेग बायॉसमधलं एक्सएमपी किंवा एक्स्पो हे तयार प्रोफाइल चालू केल्यावरच मिळतो आणि तो ओव्हरक्लॉकच, म्हणजे प्रमाणित वेगापेक्षा जास्त, असतो. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३००० दिसलं तरी दचकू नका. तो ठोके दाखवतो आणि प्रत्येक ठोक्याला डेटा दोनदा जातो. चार स्टिक लावल्या की मात्र कंट्रोलरची दमछाक होते: रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीनं दोन स्टिकना ५२०० म्हटलंय, चार स्टिकना ३६००. म्हणून क्षमता दोनच स्टिकमध्ये घ्या, त्याही एकाच किटमधल्या, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या संचातल्या. नाव तेच असलं तरी दोन वेगळ्या किटमधल्या चिप वेगळ्या असू शकतात.

प्रोफाइल चालू करताच स्क्रीन पुन्हा काळी झाली तर सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायॉसच्या सेटिंग मूळ स्थितीत आणा: बोर्डावरच्या जंपरनं (दोन पिना जोडून), नाहीतर वीज काढून गोल बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवून. मग ६०००ऐवजी ५६०० लावून बघा.

विंडोज टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा, प्रोफाइल चालू ठेवून, निदान चार पूर्ण फेऱ्या. एक चूकसुद्धा चालणार नाही. चुकणारी रॅम फाइल गुपचूप बिघडवते. प्रोफाइल बंद केल्यावर चुका थांबल्या, तर आधी वेग उतरवा. तरीही राहिल्या, तर एकेक स्टिक वेगळी तपासा. एखादी सदोष ठरली, तरी बदलून घेताना पूर्ण किट परत पाठवा. एकटी बदलून आलेली स्टिक जुन्या जोडीदाराशी जुळेलच असं नाही.