डॉकस्ट्रिंग कशी लिहायची? शाळेतलं 'द.सा.द.शे.' आठवा | पायथन

नमस्कार मंडळी.

स्क्रीनवर बघा, छोटंसं फंक्शन आहे. नाव 'सरळव्याज'. हो, नाव देवनागरीतच आहे, पायथन ३ मध्ये ते बिनधास्त चालतं. कंसात तीन गोष्टी घेतो: मुद्दल, दर, मुदत. आत एकच ओळ, तिघांचा गुणाकार करून शंभराने भागायचं. आणि त्या ओळीच्या वर, तीन-तीन अवतरणचिन्हांच्या मधे, दोन शब्द आहेत: "व्याज काढते."

ही झाली डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शन वापरणाऱ्यासाठी त्यातच लिहिलेली माहिती. नियमाप्रमाणे बरोबर जागी आहे, पायथनची काही तक्रार नाही. पण हे फंक्शन तुमच्या हातात दिलं तर दर आठ टक्के असताना तुम्ही काय पाठवाल? ८ की ०.०८? मुदत महिन्यांत की वर्षांत? "व्याज काढते" यातलं काहीच सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी ठेवींच्या हिशेबाच्या एका कामात मी जवळपास असंच फंक्शन लिहिलं होतं, असल्याच दोन शब्दांच्या डॉकस्ट्रिंगसकट. टीममधल्या एका सहकाऱ्याने ते त्याच्या रिपोर्टसाठी घेतलं. त्याच्या बाजूच्या कोडमध्ये दर अपूर्णांकात ठेवलेले होते, त्यामुळे त्याने ०.०८ दिलं. दहा हजारांवर दोन वर्षांचं व्याज यायला हवं १,६०० रुपये, आलं १६. एरर नाही, वॉर्निंग नाही, गणित अगदी बरोबर झालेलं. रिपोर्ट छापून आला तेव्हा हिशेब बघणाऱ्या बाईंनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं. नंतर मला कळलं की त्या सहकाऱ्याने वापरण्याआधी डॉकस्ट्रिंग वाचली होती. ते मला जास्त लागलं. तो विचारायला आला होता आणि माझ्या फंक्शनकडे उत्तर नव्हतं.

आता शाळेतलं गणित आठवा. "द.सा.द.शे. ८ दराने १०,००० रुपयांचे २ वर्षांचे सरळव्याज काढा." दरसाल दर शेकडा. आपण ते पाठ म्हटल्यासारखं म्हणून पुढे जायचो. पण त्यात दोन गोष्टी पक्क्या होतात: दर वर्षाचा आहे आणि शंभरावर आहे. गणित कसं सोडवायचं ते त्यात नाही. आकडा कोणत्या मापात आहे तेवढंच आहे, आणि नेमकं तेच फंक्शन वापरणाऱ्याला हवं असतं.

मग आपली डॉकस्ट्रिंग नव्याने लिहूया. मी टाइप करते, तुम्ही वाचा.

"""सरळव्याज रुपयांत परत दे.

मुद्दल: रुपयांत.
दर: दरसाल दर शेकडा. आठ टक्क्यांसाठी ८ द्यायचे, ०.०८ नाही.
मुदत: वर्षांत. अठरा महिन्यांसाठी १.५ द्यायचे.

यांपैकी काहीही ऋण असेल तर व्हॅल्यू-एरर येते.
"""

शेवटची ओळ खरी ठरावी म्हणून आत ऋण आकड्यांची तपासणीही टाकली आहे.

पहिली ओळ बघा: "परत दे", "परत देते" नाही. डॉकस्ट्रिंग कशी लिहावी याचे संकेत पेप २५७ नावाच्या दस्तऐवजात आहेत. डेव्हिड गुडजर आणि पायथनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी तो २००१ मध्ये लिहिला. त्यात सांगितलंय की पहिली ओळ आज्ञार्थी हवी, एका वाक्यात संपावी, शेवटी पूर्णविराम द्यावा, आणि तपशील लिहायचा असेल तर आधी एक ओळ मोकळी सोडावी. अवतरणचिन्हं तीन-तीन आणि दुहेरी, मजकूर एका ओळीचा असला तरी. मोकळ्या ओळीचा उपयोग असा की बरीच साधनं यादी करताना पहिली ओळच उचलतात. ती एकटी वाचली तरी कळली पाहिजे.

डॉकस्ट्रिंगमधला तपशील मांडायच्या गूगल पद्धत, नमपाय पद्धत, स्फिंक्सची पद्धत अशा पद्धती आहेत, यांत चांगली कोणती असं बरेच जण विचारतात. टीममध्ये जी चालू असेल ती घ्या आणि पुढे चला.

बरं, यासाठी साधी कमेंट का नको? हॅशची कमेंट प्रोग्रॅम चालू होईपर्यंत उरतच नाही, पायथन ती टाकून देतो. डॉकस्ट्रिंग मात्र फंक्शनसोबत राहते. मी इथे 'हेल्प' लिहून कंसात सरळव्याज देते. बघा, आपण लिहिलेला मजकूर जसाच्या तसा समोर आला. एडिटरमध्ये नावावर माउस नेलात तर तिथेही हाच दिसेल. म्हणजे वाचणारा तुमची फाइल उघडतच नाही. 'गुणाकार करून शंभराने भागते' हे त्याला सांगून उपयोग नाही. ते आतलं आहे, आत कमेंटमध्ये ठेवा.

भाषेबद्दल माझं मत सांगते. टीम मराठी असेल तर मराठीत खुशाल लिहा. इंग्रजीत लिहायची असेल तरी विषयाचा शब्द बदलू नका. सातबाऱ्यावरचं क्षेत्र वाचणारं फंक्शन १.२५ परत देतं. हेक्टर की एकर? सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, शेतकरी बोलतो एकर-गुंठ्यांत. ४० गुंठ्यांचा एक एकर, आणि एका हेक्टरात जवळपास अडीच एकर. डॉकस्ट्रिंगमध्ये नुसतं 'क्षेत्र' लिहिलंत तर सव्वा एकर आणि तीन एकरांहून थोडं जास्त यांत फरक करायला वाचणाऱ्याकडे काहीच नाही. 'हेक्टर' हा एक शब्द तिथे हवाच.

आता तीन ठिकाणी डॉकस्ट्रिंग गुपचूप नाहीशी होते, ती बघून घ्या. गुपचूप म्हणजे एरर न देता, म्हणून सांगते.

पहिलं ठिकाण, जागा. फंक्शनमधलं ती पहिलंच वाक्य हवी. तिच्या आधी एखादा प्रिंट आला की ती नुसती बेवारस स्ट्रिंग होते. वर कमेंट असली तर चालते.

दुसरं, एफ-स्ट्रिंग, म्हणजे जिच्या मजकुरात व्हेरिएबलची किंमत भरता येते अशी स्ट्रिंग. "कमाल दर इतका" असा आकडा व्हेरिएबलमधून आणायचा मोह होतो आणि अवतरणाआधी आपण एफ लावतो. बघा, लावला, आणि आता फंक्शनची डॉकस्ट्रिंग जिथे साठते ते, डॉकच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेलं नाव विचारलं तर उत्तर 'नन', म्हणजे काहीच नाही. डॉकस्ट्रिंग साधी स्ट्रिंगच लागते.

तिसरं, डेकोरेटर, म्हणजे एखाद्या फंक्शनला दुसऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळून देणारं फंक्शन. फंक्शनला किती वेळ लागला हे मोजणारा डेकोरेटर बहुतेकांनी लिहिलेला असतो. तो लावला की हेल्पमध्ये सरळव्याजची माहिती जाते आणि आतल्या रॅपर फंक्शनची येते, नावसुद्धा त्याचंच. उपाय पायथनच्याच फंक-टूल्स मॉड्यूलमध्ये आहे: आतल्या फंक्शनवर 'रॅप्स' लावा, मूळ नाव आणि डॉकस्ट्रिंग दोन्ही परत येतात. ही ओळ मला खूप कोडमध्ये राहून गेलेली दिसते.

राहिला सगळ्यात अवघड भाग. कोड बदलतो, डॉकस्ट्रिंग तशीच राहते. उद्या कुणी मुदत महिन्यांत घ्यायला लागलं आणि वर 'वर्षांत' लिहिलेलं राहिलं, तर कोऱ्या डॉकस्ट्रिंगपेक्षा ती वाईट, कारण वाचणारा विश्वास ठेवतो. यावर टिम पीटर्स यांनी लिहिलेलं डॉकटेस्ट पायथनसोबतच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. डॉकस्ट्रिंगमध्ये उदाहरण लिहायचं, पायथनच्या शेलमध्ये दिसतं तसं: तीन बाणचिन्हं, एक स्पेस, मग सरळव्याज, कंसात दहा हजार, आठ, दोन. खालच्या ओळीत अपेक्षित उत्तर. डॉकटेस्ट ती ओळ खरोखर चालवून उत्तर ताडून बघतं.

मी खाली सोळाशे लिहिलंय. चालवते. नापास! अपेक्षित सोळाशे, आलं सोळाशे पॉइंट शून्य. भागाकाराच्या एका तिरप्या रेघेने पायथन नेहमी दशांश संख्या देतो, आणि डॉकटेस्ट अक्षराला अक्षर जुळवून बघतं. मला हा काटेकोरपणा आवडतो. हे फंक्शन पूर्णांक देत नाही ही गोष्टही वापरणाऱ्याला आता उदाहरणातच दिसेल.

उत्तरात पॉइंट शून्य घालते. सेव्ह. पुन्हा चालवते.

स्क्रीनवर काहीच आलं नाही. डॉकटेस्ट पास झालं की गप्प राहतं. आता मुद्दाम फंक्शनमध्ये मुदतीला बाराने भागते, म्हणजे कुणीतरी महिने घ्यायला लागलंय असं समजा. डॉकस्ट्रिंगला हात लावत नाही. चालवते, आणि हे बघा, लगेच ओरडलं: फाइलचं नाव, ओळ क्रमांक, अपेक्षित काय, आलं काय.