रात्री एक वाजता जागं कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कुणाच्या घरी मामाच्या गावाची बॅग भरली जाते, आणि आम्हां ख्रिस्ती कुटुंबांत चर्चच्या नोटीस बोर्डावर शिबिराचा कागद लागलाय का ते पाहिलं जातं. पाचगणी, लोणावळा, भंडारदरा असं कुठलंतरी ठिकाण, तीन-चार दिवसांचा मुक्काम. सकाळी उपासना, गाणी, बायबलचा धडा. आणि दुपारनंतर मुलं खरं म्हणजे ज्याच्यासाठी नाव नोंदवतात ते सगळं: रॅपलिंग म्हणजे दोरानं कड्यावरून उतरणं, झिपलाइन, बर्मा ब्रिज, तळ्यात कयाक. रात्री शेकोटी. संडे स्कूलच्या मुलांबरोबर मी अशा शिबिरांना जात आलो आहे, त्यामुळे मुलांना पाठवू नका असं सांगायला मी आज आलेलो नाही. पाठवाच. फक्त पाठवण्याआधी कुणाला काय विचारायचं, त्याबद्दल थोडं बोलायचं आहे. त्यासाठी आधी जरा लांब जाऊ या, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात.

टेक्सासच्या मध्यभागी डोंगराळ मुलूख आहे. चुनखडीचा खडक, वर मातीचा पातळ थर. जोराचा पाऊस झाला की पाणी मुरत नाही, सरळ उतारानं नदीकडे धावतं. तिथली ग्वाडालुपे नदी अशा लोंढ्यांसाठी पहिल्यापासून बदनाम. आणि याच नदीच्या काठी मुलांची उन्हाळी शिबिरं, त्यांतली बरीचशी ख्रिस्ती. हंट नावाच्या गावाजवळचं कॅम्प मिस्टिक हे मुलींचं शिबिर १९२६ सालचं. आई तिथे जाऊन आलेली, आजी जाऊन आलेली, म्हणून नातीलाही तिथेच पाठवायचं, अशी घराणीच्या घराणी.

४ जुलै २०२५. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. शिबिरात शेकडो मुली. मध्यरात्रीनंतर १ वाजून १४ मिनिटांनी हवामान खात्यानं त्या भागासाठी अचानक येणाऱ्या पुराचा इशारा दिला. त्या पहाटे नदी एका ठिकाणी पाऊण तासात सुमारे २६ फूट चढल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. सगळ्यांत लहान, आठ-नऊ वर्षांच्या मुलींची निजायची घरं नदीच्या बाजूला, सखल जागेत होती. शिबिरार्थी मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या तरुणी मिळून २७ जणी गेल्या. मुलींना बाहेर काढताना शिबिराचे संचालकही गेले. ते कोणी बेफिकीर गृहस्थ नव्हते, सारं आयुष्य त्यांनी त्या शिबिरात घातलं होतं. काळजी असणं आणि तयारी असणं यांत केवढं अंतर असू शकतं, हे मला त्या बातम्या वाचताना पहिल्यांदा नीट कळलं.

त्याच गावाजवळ, त्याच नदीच्या दुसऱ्या फाट्यावर, मो-रँच नावाचं प्रेसबिटेरियन चर्चचं शिबिरस्थळ आहे. त्या रात्री तिथेही मुक्काम होता. तिथले लोक येणाऱ्या वादळी पावसाच्या बातम्यांवर आधीपासून नजर ठेवून होते. रात्री एकच्या सुमाराला तिथल्या देखभाल करणाऱ्या माणसाला नदी चढताना दिसली. त्यानं वरिष्ठांना उठवलं. कुठल्या सरकारी हुकमाची वाट न पाहता नदीजवळच्या इमारतीत झोपलेली सत्तरेक मुलं-माणसं त्यांनी उंचावर हलवली. इमारतीचं नुकसान झालं, माणूस एकही गेला नाही.

आता शेकडो मुली आणि सत्तर माणसं यांची बरोबरी होत नाही, दोन फाट्यांवरचं पाणीही सारखं नसतं, हे मान्य. कॅम्प मिस्टिकबद्दल पालकांनी दावे लावलेत, तिथे काय चुकलं ते न्यायालय बघेल. पण मो-रँचच्या त्या माणसाशी मी अडून राहतो. तो ना पाळक, ना संचालक. इमारती, दिवे, नळ बघणारा माणूस. तरी मध्यरात्री साहेबांना उठवण्याची त्याची प्राज्ञा होती. उठवलं तर ‘एवढ्यासाठी झोपमोड केलीस?’ असं कोणी म्हणणार नाही, ही खात्री होती. आपल्या शिबिरांत आचारी किंवा रखवालदार रात्री एक वाजता फादरांचं किंवा पास्टरसाहेबांचं दार वाजवील का? मला शंका आहे.

त्या खोऱ्याला याची आठवण नव्हती असंही नाही. १७ जुलै १९८७ ला, त्याच नदीवर खाली कम्फर्ट गावाजवळ, एका चर्चच्या शिबिरातून मुलं बसमधून बाहेर काढत होते. पूर येतोय म्हणूनच निघाले होते. बाकीच्या गाड्या गेल्या, शेवटची बस आणि व्हॅन पाण्यात अडकली. दहा किशोरवयीन मुलं वाहून गेली, ३३ जणांना वाचवता आलं. म्हणजे ‘निघायचं’ एवढं ठरवून भागत नाही. कधी निघायचं, आणि रस्ता नदी ओलांडून जातो की टेकडीवर चढतो, तेही आधी ठरलेलं हवं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये टेक्सासनं कायदा केला: पूरक्षेत्रात मुलांच्या निजण्याच्या खोल्या नकोत, आणीबाणीचा आराखडा लेखी हवा, काम करणाऱ्यांना प्रशिक्षण हवं. गेलेल्या मुलींचे आईबाप विधिमंडळात जाऊन बोलले, तेव्हा तो झाला. खर्च परवडणार नाही अशी कुरकुर काही शिबिरचालकांनी केलीच.

दुसरी हकिगत न्यूझीलंडची. १५ एप्रिल २००८. ऑकलंडच्या एलिम ख्रिश्चन कॉलेजची दहा मुलं, म्हणजे आपल्याकडच्या अकरावीच्या वयाची, एका नामांकित साहस केंद्रात गेली होती. एक शिक्षक आणि केंद्राची एक तरुण प्रशिक्षक यांच्याबरोबर ती मांगाटेपोपो नावाच्या अरुंद घळीत उतरली. पावसाचा इशारा होता, पण त्याचं गांभीर्य त्या घळीत उतरणाऱ्यांपर्यंत पोचलं नाही. पाणी चढलं. सगळे एका खडकाच्या कंगोऱ्यावर चढून बसले. रेडिओवरून मदत मिळेना. पाणी कंगोऱ्याजवळ येतंय असं पाहून प्रशिक्षकानं त्यांना जोड्याजोड्यांनी बांधून प्रवाहात सोडायचं ठरवलं, आणि ती आधी पुढे गेली, खाली थांबून दोर टाकून त्यांना ओढून घेण्यासाठी. सहा मुलं आणि शिक्षक खालच्या बंधाऱ्यावरून वाहून गेले.

आपल्याकडे ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातली माणसं धबधब्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती, त्यांतली पाच जणं गेली. ती चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. घळ न्यूझीलंडची असो की मावळातली.

त्या एलिम शाळेनं एक गोष्ट केली, ती मला फार मोठी वाटते. शाळेनं केंद्राला जाहीरपणे क्षमा केली. आणि तरीही चौकशी पुरती होऊ दिली. मृत्यूंची न्यायिक तपासणी झाली, केंद्राला दंड झाला, आणि २०११ मध्ये देशात नियम आले की पैसे घेऊन साहसी उपक्रम चालवणाऱ्या प्रत्येकानं सुरक्षेची बाहेरून तपासणी करून घ्यायची आणि नोंदणी करायची. क्षमा केली म्हणून प्रश्न मिटले, असं त्यांनी धरलं नाही.

याच्या अगदी उलट झालं इंग्लंडमध्ये. जॉन स्माइथ हा बडा वकील, मोठ्या शाळांतल्या मुलांसाठीच्या ख्रिस्ती शिबिरांचा पुढारी. तिथे हेरलेल्या मुलांना घरी बोलावून बागेतल्या शेडमध्ये रक्त येईपर्यंत मारायचा, आणि ते त्यांच्या आत्म्याच्या भल्यासाठी आहे असं सांगायचा. १९८२ मध्येच चर्चमधल्या काही जणांनी याचा अंतर्गत अहवाल केला होता. पोलिसांकडे कोणी गेलं नाही. चांगलं कार्य बदनाम होईल, ही भीती. १९८४ मध्ये हा माणूस झिंबाब्वेला गेला आणि तिथे पुन्हा मुलांची शिबिरं चालवू लागला. १९९२ मध्ये त्याच्या शिबिरात सोळा वर्षांचा मुलगा पोहण्याच्या तलावात मरण पावला. स्माइथ २०१८ मध्ये मेला, शिक्षा कधीच झाली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये चौकशीचा अहवाल बाहेर आला, आणि कँटरबरीच्या आर्चबिशपना, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंना, पद सोडावं लागलं.

दोर तपासता येतो. माणूस तपासायला आपण लाजतो, त्यातून तो प्रार्थना छान करणारा असेल तर फारच.

‘देव सांभाळील’ असं आमच्याकडे सहज म्हटलं जातं. मीही म्हणतो. पण शुभवर्तमानात सैतान येशूला मंदिराच्या कंगोऱ्यावर नेतो आणि म्हणतो, मार उडी, दूत झेलतील. येशू उडी मारत नाही. आणि बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात नियमच आहे की नवं घर बांधलंस तर धाब्याला कठडा घाल, नाहीतर कोणी पडलं तर दोष तुझ्या घरावर. तेव्हा शिबिराच्या संयोजकाला चार प्रश्न विचारले म्हणजे आपला विश्वास कमी पडला, असं समजायचं कारण नाही. जो संयोजक प्रश्नांनी दुखावतो, त्याच्याकडे पोर पाठवताना मी तरी दोनदा विचार करीन.

पहिली चौकशी जागेची. साहसी खेळ कोण घेणार? चर्चचे तरुण की बाहेरची संस्था? महाराष्ट्र शासनाचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून आहे, त्यात अशा संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणीचा कागद बघायला मागा. चर्चमधला कोणी तरुण कॉलेजात असताना गिर्यारोहणाचं शिबिर करून आला म्हणून तो चाळीस मुलांना कड्यावरून उतरवायला लायक ठरत नाही. जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर, रात्री गाडी कुठली थांबणार, ड्रायव्हर मुक्कामी आहे का, मोबाइलला रेंज नसेल तर काय? ‘होईल काहीतरी’ असं उत्तर आलं तर पुढचं विचारायची गरज नाही.

रॅपलिंगच्या जागी पालक म्हणून गेलात, तर पाच मिनिटं नुसतं उभं राहून पाहा. चांगला प्रशिक्षक मुलाला काठाजवळ नेण्याआधीच थांबवतो. हार्नेसचा, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांचा, कमरपट्टा नितंबावर नाही, कमरेच्या हाडाच्या वर घट्ट बसलाय ना, ते पट्टा खाली ओढून बघतो. बकलची वादी त्या हार्नेसला लागते तशी पूर्ण घातली आहे का, हे बोटानं चाचपतो. कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू फिरवतो आणि मग दाबून बघतो, उघडत तर नाही ना. हेल्मेट मागे सरकवून पाहतो. मुलीची वेणी, ओढणी, कुणाच्या गळ्यातली क्रूसाची साखळी, सगळं आत खोचायला किंवा काढून ठेवायला लावतो. दोरावर सरकणाऱ्या, इंग्रजी आठच्या आकाराच्या धातूच्या कडीत केस अडकले तर मूल अधांतरी लटकतं. उतरायच्या दोराखेरीज दुसरा, वेगळ्या ठिकाणी बांधलेला सुरक्षा दोर असतो. आणि हे सगळं झाल्यावर दुसरा माणूस येऊन पुन्हा तेच तपासतो. मागे रांगेतली मुलं ओरडत असतात, ‘लवकर ना सर!’, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो. असा माणूस दिसला की निर्धास्त व्हा.

एखादं मूल काठावर येऊन रडायला लागलं तर? टाळ्या वाजवून, स्तोत्र गाऊन त्याला खाली ढकलणारी शिबिरं मी पाहिली आहेत. त्याला तिथून सन्मानानं परत येऊ द्यावं. भित्रा म्हणून रात्री शेकोटीजवळ त्याची नक्कल होणार नाही, हे पुढाऱ्यानं आधीच बजावावं.

पाण्याचं शिस्तीनं होतं. लाइफ जॅकेट घालून खांद्याला धरून वर ओढा. कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. मुलांच्या जोड्या लावायच्या, शिट्टी वाजली की जोडीदारांनी हात धरून वर करायचे, मोजायचं. काठावर एक माणूस असा हवा ज्याला दुसरं कामच नाही. फोटो काढायचं सुद्धा नाही. पाऊस झाला असेल, किंवा वरच्या डोंगरावर नुसता काळोख दिसत असेल, तर ओढ्यात उतरणं रद्द. पैसे भरलेत म्हणून नाही उतरायचं.

आणि माणसांचं. शिबिरातले दादा-ताई कोण, हे नावानिशी विचारा. पोलिस पडताळणी झाली आहे का, विचारा. एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत कधीच नकोत, मग ते समुपदेशन असो की खास प्रार्थना. प्रार्थना अंगणात, चारचौघांच्या नजरेसमोर केली तर देवाला कमी ऐकू येत नाही. मुलामुलींच्या निजायच्या खोल्या वेगळ्या, आणि मोठ्यांच्या त्याहून वेगळ्या. मूल परत आल्यावर ‘मजा आली का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘कुणी कुठली गोष्ट घरी सांगू नको म्हणालं का?’ हेही विचारा, आणि ते सांगायला लागलं तर मध्ये बोलू नका. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मंडळीच्या पंचांची बैठक घेऊन ते मिटवता येत नाही. मुलांसाठी १०९८ हा फोन आहे.

शिबिराच्या फॉर्मवर आजारपणाचा एक रकाना असतो, आपण तो बहुतेक वेळा ‘काही नाही’ लिहून सोडतो. दमा असेल, फिट येत असेल, अंथरूण ओलं होत असेल, शेंगदाणे चालत नसतील, तर लिहा. आणि पंप किंवा गोळ्या बॅगेच्या तळाशी न टाकता कोणाच्या हातात दिल्यात, त्या ताईंचं नाव आणि नंबर स्वतःजवळ लिहून ठेवा.

नमस्कार.