रुमालाची गाठ

(पडद्यावर: सकाळची कमाटीबाग. रांगेने आत येणारी शाळेची मुलं.)

बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलाने कमाटीबागेतलं म्युझियम निदान दोनदा तरी पाहिलेलं असतं. एकदा शाळेच्या सहलीत आणि एकदा मे महिन्यात गावाहून पाहुणे आले म्हणून. देवमाशाचा प्रचंड सांगाडा बघायचा, ममीपाशी जरा घाबरायचं, आणि बाहेर आलं की बर्फाचा गोळा. दांडिया बाजारातून आम्ही चालतच जायचो. चित्रशाळेतल्या युरोपच्या तैलचित्रांपुढून मी तेव्हा पळत जायचे. ममी पुन्हा बघायची असायची ना.

त्या चित्रांपाशी मी थांबले ती मोठेपणी, दोन सालांमुळे. म्युझियमची मुख्य इमारत 1894 ची. शेजारची चित्रशाळा 1914 साली बांधून पुरी झाली. पण लोकांसाठी ती उघडली 1921 साली. मधली सात वर्षं काय झालं?

झालं ते महायुद्ध. महाराज सयाजीरावांसाठी लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन युरोपातली चित्रं निवडत होते. तेवढ्यात 1914 उजाडलं, आणि चित्रं तिकडेच अडकली. इकडे भिंती तयार होत्या आणि चित्रं समुद्रापलीकडे होती.

हे मला कळलं आणि त्या दालनाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. प्रत्येक चौकटीपुढे उभं राहून मी एकच विचारू लागले: तू इथवर आलीस कशी? भिंतीवरच्या फलकावर चित्रकाराचं नाव असतं, साल असतं, फार तर दोन ओळी. पुढचं सगळं कागदात असतं. तो कागद कुठे आहे, तो मागायचा कसा आणि हातात आला तर वाचायचा कसा, यासाठी हा माहितीपट.

(पडद्यावर: बंद कपाटं, सपाट खण, एक खण हळूच ओढणारा हात.)

म्युझियम जेवढं मांडतं त्याहून कितीतरी जास्त सांभाळतं. जगातल्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयाची हीच स्थिती आहे. वस्तू लपवायची हौस कुणाला नसते. जलरंगातली चित्रं, रंगवलेलं कापड, जुना कागद यांना उजेड सोसत नाही. अशा वस्तू मांडायच्या तर उजेड 50 लक्सच्या आसपास ठेवायचा, असा दंडक आहे. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. घरातल्या साध्या दिव्याखाली आपण वाचतो, त्याहूनही तो मंद. आणि तेवढा उजेडसुद्धा कायमचा नाही. काही महिने दाखवायचं आणि पुन्हा अंधारात विश्रांती द्यायची. उजेडाने उडालेला रंग परत आणता येत नाही.

म्हणून अभ्यासकासाठी वेगळी खोली असते. काही ठिकाणी ते प्रशस्त दालन असतं, काही ठिकाणी कार्यालयाच्या कोपऱ्यातलं एक टेबल. पण रीत सारखीच. आधी लिहून कळवायचं, वेळ घ्यायची, ओळखपत्र आणि शक्य असेल तर संस्थेचं शिफारसपत्र न्यायचं. ठरल्या दिवशी तुम्ही मागितलेली वस्तू तुमच्यासमोर येते.

मागायचं म्हणजे नेमकं मागायचं. माझी पहिली फेरी फुकट गेली. कुठल्या कचेरीत ते राहू द्या. मी जाऊन म्हटलं, "बडोद्याच्या कलेबद्दल तुमच्याकडे जे काही असेल ते दाखवा." समोरच्या माणसाने मान हलवली आणि रजिस्टर मिटलं. तेव्हा मला वाईट वाटलं. आज त्यांची अडचण कळते. "जे काही असेल ते" याला खण नसतो, क्रमांक नसतो, कपाटही नसतं. वस्तूला नोंदणी क्रमांक असतो. आवक नोंदवहीत ती कधी आली, कुणाकडून आली, विकत की भेट, हे लिहिलेलं असतं. तो क्रमांक छापील सूचीत बघून, नाहीतर आधी पत्र लिहून मिळवायचा. एक क्रमांक घेऊन गेलात की पुढचे चार तिथेच सापडतात.

टेबलावरचे नियम थोडे आहेत आणि सगळे सकारण आहेत. शाईचं पेन नाही, फक्त पेन्सिल, कारण पेन्सिलची चुकून उठलेली रेघ निघते, शाईची निघत नाही. कागदाला हातमोजे नकोत. हात धुऊन कोरडे करा, पुरे. मोज्यांमुळे बोटांना कागदाची जाडी कळत नाही आणि कडा फाटते. छायाचित्रं आणि धातू यांना मात्र मोजे हवेत, आपल्या बोटांचा घाम त्यांच्यावर कायमचा उमटतो. पुस्तक सपाट उघडायचं नाही, खाली मऊ उशी द्यायची, बांधणीवर ताण येत नाही.

आणि जमेल तिथे वस्तूची मागची बाजू बघायला मागा. हे मी मुद्दाम सांगते आहे. कॅनव्हासच्या मागे चिठ्ठ्या असतात, जुने क्रमांक असतात, कधी चौकटवाल्याचा शिक्का असतो. आकोट्याच्या कांस्यमूर्तींचं उदाहरण घ्या. आकोटा म्हणजे आपलं रोजच्या जाण्यायेण्यातलं आकोटा, जुन्या काळचं अंकोट्टक. 1951 च्या सुमारास तिथे जैन मूर्तींचा मोठा साठा सापडला. आज त्या या म्युझियमची शान आहेत. काचेतून दिसतो तो मूर्तीचा शांत चेहरा. पण अभ्यासक उमाकांत शाह यांनी त्या मूर्तींवरचे कोरीव लेख वाचले, तेव्हा दोन मूर्तींवर जिनभद्र वाचनाचार्य हे नाव निघालं. त्या नावामुळे एका थोर जैन ग्रंथकाराचा काळ ठरवायला आधार मिळाला. चार शब्दांचा लेख, तोही बोटभर जागेत.

(पडद्यावर: मांडवी. दुकानांची गर्दी, मागे ग्रंथालयाची इमारत.)

म्युझियममधून निघालात की दुसरा मुक्काम मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय. 1910 साली सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. तीन वर्षांत त्यांनी संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती गावोगाव फिरवली जायची. ज्या संस्थानात 1906 पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं, तिथे शिकलेल्या मुलाला पुढे वाचायला काहीतरी हवंच होतं.

इथल्या ग्रंथसाठ्यात वर मान करून बघा. मजल्यांची जमीन काचेची आहे. जाड काचेच्या लाद्या आणि लोखंडी मांडण्या. वरचा उजेड झिरपत खालच्या कपाटापर्यंत पोचावा आणि आगीची भीती राहू नये, म्हणून ही योजना. वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खाली पुस्तकांवरून सावली सरकते. मी पहिल्यांदा ती पाहिली आणि हातातली चिठ्ठी विसरले.

याच ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातून पुढे प्राच्यविद्या मंदिर उभं राहिलं. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथेच तयार झाली आणि 1960 ते 1975 या काळात छापून निघाली. कलेचं पुस्तक शोधायचं असेल तर मात्र विद्यापीठाच्या ललित कला शाखेची वाट धरा. 1950 सालची ही शाखा. बेंद्रे, शंखो चौधरी, सुब्रमण्यन असे शिक्षक इथे होऊन गेले. अशा ठिकाणी जाड ग्रंथांपेक्षा प्रदर्शनांच्या बारक्या पुस्तिका आधी मागा. कुठलं चित्र कुठल्या साली, कुठल्या गावात, कुणाच्या मालकीचं म्हणून टांगलं होतं, हे ती आठ पानांची पुस्तिका सांगते. लोक त्या रद्दीत घालतात, याचं फार वाईट वाटतं.

राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्यांची चित्रं आहेत, ती तर सगळ्यांना ठाऊक आहेत. 1888 साली सयाजीरावांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रं मागवली. नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका. आमच्या आजीला पुराणातल्या त्या बायका आपल्यातल्याच वाटायच्या, कारण त्यांची लुगडी नेसण्याची तऱ्हा आपल्याकडची. हे असं का, याचा शोध घ्यायचा तर चित्राएवढाच त्याच्या मागचा पत्रव्यवहार लागतो. आणि संस्थानच्या पत्रव्यवहाराकडे जायचं तर रावपुऱ्यात जावं लागतं.

(पडद्यावर: कोठी कचेरी. जिना. लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांच्या रांगा.)

कोठी कचेरी. संस्थानचा कारभार एके काळी इथून चालायचा. आज गुजरात राज्याच्या अभिलेखागाराचं बडोद्यातलं काम इथून चालतं.

इथे कागद फायलीत येत नाही. तो येतो रुमालात. चौकोनी कापड, त्यात रचलेले कागद, चारही टोकं आणून मारलेली गाठ. हा शब्द आपल्याकडे दोनअडीचशे वर्षं तसाच टिकला आहे. दप्तरातला रुमाल.

पहिल्या दिवशी तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला विचारलं, "बेन, तमने मोडी आवडे?" मी म्हटलं, "हो, खूप." ते आनंदले आणि त्यांनी रुमाल पुढे सरकवला. गुजरातीत आवडे म्हणजे येते, जमते. त्यांनी विचारलं होतं, मोडी लिपी वाचता येते का. मी सांगितलं, मला ती प्रिय आहे. जन्मभर या दोन भाषांत राहूनही ऐनवेळी माझ्या कानाने मराठीच ऐकलं. रुमाल सोडला, कागद उलगडला, आणि मला एक अक्षरही लागेना.

कागद मराठी होता. माझ्या आईच्या भाषेतला.

(पडद्यावर: मोडी कागद, अगदी जवळून.)

जरा नीट बघा. डावीकडचा चौथा हिस्सा कोरा आहे. कागद आधी घडी घालून घेतला आहे, ती घडी अजून दिसते. मग लिहिणाऱ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढली, आणि बोरू फारसा न उचलता त्या रेघेला अक्षरं टांगत गेला. शब्द कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला, काही कळत नाही. ऱ्हस्वदीर्घ नाही, म्हणून 'दिन' म्हणजे दिवस की 'दीन' म्हणजे गरीब, ते पुढचं वाचून ठरवायचं. उजेड तिरपा पडला की शाईत काहीतरी चमकतं. ती वाळू आहे, शाई वाळावी म्हणून भुरभुरलेली. लिहिणारा गेला, राज्य गेलं, कण तिथेच आहेत. स्कॅन केलेल्या प्रती हव्यातच, लाखो कागद त्याशिवाय टिकणार नाहीत. पण हा कण स्कॅनमध्ये येत नाही.

मी घरी आले आणि मोडी शिकायला बसले. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी शिकवली, रोज संध्याकाळी एक पान. अक्षर महिन्याभरात लागतं. वेळ लागतो तो तारखांना. मराठेशाहीच्या कागदावर साल आकड्यात न देता शब्दांत येतं, आणि तेही अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले 1161. हा सुहूर सन. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो, कारण याचं वर्ष मृग नक्षत्राला, पेरणीच्या तोंडावर बदलतं. म्हणजे हे साल 1760-61. पानिपतचं साल. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातले दमाजीराव त्या रणात होते आणि तिथून परत आले. पहिल्यांदा मी हा हिशेब बोटांवर केला, तेव्हा अंगावर काटा आला.

इतिहासकार रियासतकार सरदेसाई 1889 साली सयाजीरावांना वाचून दाखवणारे वाचक म्हणून याच शहरात आले आणि आयुष्याची छत्तीस वर्षं इथल्या चाकरीत राहिले. मराठ्यांच्या इतिहासाचं त्यांचं काम इथे सुरू झालं. संस्थानच्या दप्तरातले निवडक कागद तेव्हाच छापूनही निघाले. पण निवडक म्हणजे निवडकच. बाकीचे रुमालात आहेत, आणि बडोद्यात मराठी बोलणारी घरं अजून आहेत. दांडिया बाजारात आहेत, रावपुऱ्यात आहेत. त्यांतल्या चार-दोन मुलांनी जरी मोडीचं पान रोज वाचलं, तरी तिथल्या टेबलाशी माणूस असेल. ही माझी कळकळ आहे, आणि ती सांगायला मला संकोच नाही.

(पडद्यावर: दुपार कलली आहे. टेबलावर एक रुमाल, शेजारी पेन्सिल.)

आज अकरा वाजल्यापासून मी एका यादीवर आहे. कापड, कंदील, गालिचे, कुणाच्या तरी बिछायतीचा खर्च. सतरा ओळी लागल्या. अठराव्या ओळीत एक शब्द अडला आहे. पहिलं अक्षर 'त' असेल किंवा 'न'. 'त' असेल तर तसबीर, आणि मग माझा शोध एक पाऊल पुढे जातो. 'न' असेल तर काय, ते अजून सुचत नाही.

ते गृहस्थ घड्याळाकडे बघतात. मी कागदांचा क्रम होता तसा लावते, अठराव्या ओळीचा अंदाज पेन्सिलीने माझ्या वहीत लिहिते, वहीतच, कागदावर नाही. चारही टोकं एकत्र आणते. गाठ ते स्वतः मारतात.

"काले आवशो ने, बेन?"

"हो. अकराला."