मावशींचं नाव यादीत नव्हतं

मंडळी, वेळ कमी आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. 16 जानेवारी 2021 ला कोविडची लस सुरू झाली तेव्हा नंबर असा लावला होता, आधी साधारण 1 कोटी हेल्थ वर्कर, मग 2 कोटीच्या आसपास फ्रंटलाइनवाले म्हणजे पोलिस, होमगार्ड, नगर निगमचे सफाईवाले वगैरे, आणि मार्चपासून साठीच्या पुढचे. बऱ्याच जणांना वाटलं हा डॉक्टर-नर्सचा सत्कार चाललाय, थाळ्या वाजवल्या तसा. छे, हिशोब वेगळाच होता. एक सिस्टर पॉझिटिव्ह आली की तिच्यासोबत ड्यूटी केलेलेही क्वारंटाइन, मग बेड आहेत, ऑक्सिजन आहे, पण पेशंटजवळ उभं राहायला माणूस नाही. इंदूरला हे वेगळं सांगायला नको, एप्रिल 2020 मध्ये कोविडने जाणारे देशातले पहिले डॉक्टर आपल्याच शहरातले, आणि टाटपट्टी बाखलमध्ये तपासायला गेलेल्या टीमवर दगड पडले तेही त्याच महिन्यात.

आता माझं भांडण कुठे आहे ते सांगतो. कागदावर हेल्थ वर्करची व्याख्या चांगली मोठी होती, आशा, अंगणवाडी, नर्सिंगची मुलं, सपोर्ट स्टाफ सगळे त्यात. पण कोविनवर, म्हणजे लशीच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, नावं चढवायची ज्या त्या हॉस्पिटलने, आणि ऑफिसने काय केलं, पगारपत्रक उघडलं. मी बघितलेल्या एका खाजगी हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर बिलं काढणाऱ्या पोराला पहिल्याच आठवड्यात लस, आणि बेडपॅन उचलणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या, बॉडी गुंडाळायला हात लावणाऱ्या मावशींचं नावच नाही, का तर त्यांचा पगार ठेकेदाराकडून! तरी त्या रोज त्याच वॉर्डात, एकच मास्क दोन दिवस चालवत.

गंमत बघा, कोविशिल्डची एक वायल म्हणजे 10 डोस, उघडली की 4 तासांत संपवायची, आणि सुरुवातीला बोलावलेलेच कितीतरी जण घाबरून येत नव्हते. संध्याकाळी उरलेले डोस कुणाला द्यायचे यावर फोनाफोनी, कुणाचा भाचा, कुणाचा पार्टनर. मावशी दहा पावलांवर पोछा मारतायत. ओळखीने घुसणारे इतके वाढले की 3 एप्रिलला केंद्राने हेल्थ वर्कर आणि फ्रंटलाइन या दोन्ही गटांची नवी नोंदणीच बंद केली, म्हणजे खोटे अडले हे ठीक, पण सुटलेले खरेही बाहेरच राहिले.

आणि उशीर म्हणजे किती? तेव्हा दोन डोसमध्ये 28 दिवस, वर पूर्ण असर यायला दोन आठवडे, झाले सहा आठवडे. जानेवारीत घेतलेला मार्चपर्यंत तयार, मार्चअखेरीस घेतलेला दुसऱ्या लाटेत अर्धवटच.

म्हणून परत कधी वेळ आली तर यादी एचआरकडे मागू नका. प्रत्येक वॉर्डात सिस्टर-इनचार्जकडे ड्यूटीचं रजिस्टर असतं, कोण कुठल्या पाळीत कुठे होतं सगळं त्यात असतं, ठेकेदाराची माणसंसुद्धा, नसली तर आत्तापासून लिहायला लावा.