उशाशी बंदूक

(दृश्य : रात्र. अंधारी खोली. पलंगाशेजारी कपाटाचा अर्धवट उघडा खण.)

मध्यरात्री मागच्या दाराशी खुडबुड होते. घरात नवरा-बायको, दोन मुलं, म्हातारी आई. पोलिसांना फोन लागला, तरी ते येईपर्यंतची मिनिटं या पाच जणांना एकट्यानंच काढायची आहेत. घरात बंदूक हवी, असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हीच रात्र असते. ही भीती खोटी नाही.

१८९२ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार महिलेच्या तीन मित्रांना जमावानं ठार मारलं. त्याच वर्षी तिनं लिहिलं की, प्रत्येक कृष्णवर्णीयाच्या घरात विंचेस्टर रायफलला मानाची जागा असावी. कायद्यानं द्यायला हवं ते संरक्षण कायदा देत नव्हता. ज्यांच्यासाठी पोलीस कधी आलेच नाहीत, त्यांना ‘पोलिसांवर विसंबून राहा’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

(दृश्य : वॉशिंग्टन. सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या.)

अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ची. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथून येतो. तो हक्क फक्त नागरी सेनेपुरता की प्रत्येक माणसाचा, यावर दीर्घकाळ वाद चालला. वॉशिंग्टन शहरात १९७६पासून पिस्तुलावर जवळजवळ बंदीच होती. घरातली रायफलसुद्धा रिकामी आणि सुटी करून, नाहीतर चापाला कुलूप लावून ठेवावी लागे. २६ जून २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा रद्द केला. घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे, असं बहुमतानं म्हटलं. चोर दारात उभा असताना सुट्या रायफलीचा काय उपयोग, या प्रश्नाला खरोखरच उत्तर नाही.

आणि सगळी अडचण इथंच आहे. स्वसंरक्षणाला बंदूक हवी क्षणात. भरलेली, हाताशी. पण ती जितकी हाताशी, तितकी ती घरातल्या प्रत्येकाच्या हाताशी.

(दृश्य : तोच खण. या वेळी दिवसाचा उजेड. जमिनीवर एक खेळणं.)

दाराशी खुडबुड होण्याची ती रात्र बहुतेक घरांत कधीच येत नाही. बंदूक मात्र रोज घरात असते. मुलांच्या परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा असते, नोकरी जाते तेव्हा असते, दारू चढते तेव्हाही असते. अनेक पिस्तुलांचा चाप ओढण्याइतकी ताकद तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बोटांतही असू शकते. मुलांना ‘हात लावायचा नाही’ असं बजावलं की झालं, या समजुतीवर मी तरी काडीचाही विश्वास ठेवणार नाही.

२०२१मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. या आकड्याजवळ थोडं थांबायला हवं. ह्यूस्टनमध्ये आत्महत्येच्या गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या १५३ तरुणांना संशोधकांनी विचारलं होतं, ठरवल्यापासून कृतीपर्यंत किती वेळ गेला? जवळपास दर चौघांतल्या एकाचं उत्तर होतं, पाच मिनिटांहून कमी. अशा प्रयत्नातून वाचलेली बहुतेक माणसं पुढं आत्महत्येनं मरत नाहीत. ती जगतात, म्हातारी होतात. पण हातात बंदूक असेल, तर वाचणारे फार थोडे. त्या पाच मिनिटांत मधे एक कुलूप असणं, किल्ली दुसऱ्या कुणाकडं असणं, याला जिवाचं मोल आहे.

इस्रायलच्या सैन्यात तरुण सैनिक आठवड्याच्या सुट्टीला रायफल घेऊन घरी जात. २००६मध्ये नियम बदलला, शस्त्र छावणीत ठेवूनच घरी जायचं. सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती.

बंदुकीनं वाचलेले जीव कुणी मोजायचे? मोजायचा प्रयत्न झाला आहे. अमेरिकेतल्या १९९५च्या एका गाजलेल्या सर्वेक्षणानं स्वसंरक्षणाचे प्रसंग वर्षाला २५ लाख सांगितले. सरकारी गुन्हे-पाहणीतून निघतात ते साधारण लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. एवढ्या तफावतीवर कुणी छातीठोकपणे बोलू नये.

कॅलिफोर्नियातला एक अभ्यास मात्र मला विसरता येत नाही. सुमारे १ कोटी ७६ लाख प्रौढांची नोंद त्यात तपासली होती. ही माणसं अशी, की त्यांच्या स्वतःकडं बंदूक नव्हती. त्यांपैकी पिस्तूलधारकासोबत एका घरात राहणाऱ्यांचा खून होण्याचं प्रमाण, बंदूक नसलेल्या घरांतल्या लोकांपेक्षा दुपटीहून जास्त निघालं. घरात जोडीदाराच्याच गोळीला बळी पडण्याचं प्रमाण तर सातपट, आणि त्या बळींत बहुसंख्य बायका. ज्यांच्या रक्षणासाठी बंदूक आणली, तीच ही माणसं. बंदूक घेताना त्यांना कुणी विचारलं होतं का?

म्हणून माझ्या मते हक्क एकट्याचा असला, तरी निर्णय एकट्याचा असू नये. ठेवायचीच असेल, तर रिकामी, कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि घरातलं कुणी खचलेलं असेल, तर तेवढे दिवस तरी ती घराबाहेर.

(दृश्य : अमेरिकेतलं माँटगोमेरी शहर. एका साध्या घराची ओसरी.)

३० जानेवारी १९५६. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या या ओसरीवर बाँब फुटला. आत त्यांची पत्नी कोरेटा होती आणि अडीच महिन्यांची मुलगी. दोघी वाचल्या. किंग यांनी शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला. तो मिळाला नाही. मग पुढचे काही दिवस नवरा-बायको या एकाच विषयावर बोलत राहिले. घरात असलेलं एकुलतं एक हत्यार त्यांनी काढून टाकलं. घराभोवती मोठे दिवे लावले आणि रात्रंदिवस पहारेकरी ठेवले, हातात शस्त्र नसलेले.