दावं सोडलं की दावे सोडले?

(पुण्यातल्या एका वाचनालयात, नव्याने लिहिणाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पुण्यात भाषणाला माणसं जमतात याचं मला नवल नाही. १८७५ मध्ये इथे वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून ऐन उन्हाळ्यात घाम पुसत दुसऱ्याचं ऐकून घ्यायची या गावाला सवय आहे. पण तुम्ही वह्या घेऊन आलात आणि मी जरा दचकले. वह्या म्हणजे तुम्हाला पत्ते हवेत. कुठे पाठवायचं, कोणाला भेटायचं, पैसे किती मिळतात. तेही सांगते. त्याआधी माझी एक चूक सांगते, कारण या शहराच्या साहित्यव्यवहारातलं मला जे काही कळलं, ते त्या चुकीपासून कळायला लागलं.

१९८९ मध्ये मी सदाशिव पेठेतल्या एका दिवाळी अंकाच्या कचेरीत मुद्रितशोधक म्हणून लागले. मराठी घेऊन बीए, शुद्धलेखनाचा ताठा आणि हातात लाल पेन. प्रुफं दोघांनी मिळून तपासायची पद्धत होती. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, तोही विरामचिन्हांसकट: अवतरण चालू, आता कसं करायचं, प्रश्नचिन्ह, अवतरण बंद. दुसऱ्याने प्रुफावर डोळा ठेवायचा. दिवसभर हेच चालायचं. एकदा रात्री जेवताना मी आईला 'भात वाढ, पूर्णविराम' म्हणाले होते.

त्या वर्षी जुन्नरकडच्या एका तरुणाची कथा आली होती. रेघांच्या वहीची पानं, पाठपोट लिहिलेली. एक म्हातारा बैल विकायला बाजारात घेऊन जातो, दिवसभर गिऱ्हाइकं परतवतो, आणि संध्याकाळी एकाला हो म्हणतो. शेवटचं वाक्य तीन शब्दांचं: त्यानं दावं सोडलं. दावं म्हणजे बैलाला बांधायची दोरी. आता साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखननियम मी कोळून प्यायलेली. माणसं बोलताना काय बोलायचं ते बोलू देत, निवेदन मात्र प्रमाण हवं. मी 'त्यानं'चं 'त्याने' केलं, 'सोडलं'चं 'सोडले' केलं, आणि त्याच हातासरशी 'दावं'चं 'दावे'. नियमाने एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. अंकात छापून आलं: 'त्याने दावे सोडले.'

दिवाळीनंतर पोस्टकार्ड आलं. मजकूर एका ओळीचा. 'आमच्या म्हाताऱ्याला कोर्टात कशाला नेलंत?'

संपादकांनी ते कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि काही न बोलता आपल्या खोलीत गेले. पुढच्या वर्षी त्या मुलाची दुसरी कथा आली, तेव्हा त्यांनी त्याला एसटीचं भाडं देऊन तीन रविवार बोलावलं. कथा त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यायची. तो वाचताना जिथे अडखळेल तिथे मी पेन्सिलीने टिंब करायचं, बास. सुधारायचं नाही. तिसऱ्या रविवारी बारा पानांची आठ झाली होती, आणि ती चार पानं त्याची त्यानेच काढली होती. निवेदन होतं तसं जुन्नरचंच राहिलं.

पुण्यात पुस्तक छापून मिळणं हे आज अजिबात अवघड नाही. अवघड आहे ते असे तीन रविवार मिळणं. संधी संधी म्हणतात ती मला विचाराल तर हीच.

आता तुम्ही म्हणाल, इथे एवढ्या संस्था आहेत की. आहेतच. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी हिराबागेत पहिलं ग्रंथकार संमेलन भरवलं. १९०६ मध्ये इथेच महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली, ती आज टिळक रस्त्यावर आहे. पण १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी रानड्यांना पत्र लिहून यायला साफ नकार दिला होता. ज्यांच्या पुस्तकांत आमच्या माणसांचे हक्क नाहीत, त्यांच्या सभेत आम्ही का मिसळायचं, असा त्यांचा रोख होता. हे पत्र मी दरवर्षी एकदा वाचते. फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं होतं. म्हणजे त्या काळची सरकारी अनुदान योजनाच म्हणा. कमिटीने नाकारलं. ते छापून यायला १९७९ उजाडलं. मधली सव्वाशे वर्षं याच गावात छापखान्यांची खडखड चालू होती! तेव्हा छापखाना आहे म्हणजे दार उघडं आहे, असं नसतं. दारात माझ्यासारखी कोणीतरी लाल पेन घेऊन बसलेली असते.

माझ्या स्वतःच्या पुस्तकाची गोष्टही थोडक्यात सांगून टाकते. माझा कथासंग्रह एका प्रकाशकाने माझ्याच पैशाने काढला. नाव सांगत नाही, सांगूनही उपयोग नाही. पाचशे प्रती. एकाही कथेवर एकही प्रश्न विचारला नाही, म्हणून मी तेव्हा खूश झाले होते. प्रकाशन झालं, शाल मिळाली, पेढे वाटले. मग टेम्पो घरी आला आणि गठ्ठे पलंगाखाली गेले. मी पिशवीत वीस प्रती घालून अप्पा बळवंत चौकात दुकानं फिरले. एका दुकानदाराने पुस्तक उलटंपालटं केलं, कण्यावर बोट फिरवून म्हणाला, 'बाई, कण्यावर नावच नाही. फडताळात उभं केलं तर ओळखायचं कसं?' खरंच नव्हतं. त्या पुस्तकाला संपादक सोडा, कोणी धड बघणारासुद्धा नव्हता. गिऱ्हाईक माझ्या शेजारी उभं राहून स्पर्धा परीक्षेची गाइडं मागत होतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: लगेच पुस्तक काढू नका. कथा, लेख, कविता आधी अंकांना पाठवा. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तो मान मुंबईचा, हे कबूल करताना पुणेकराच्या घशात जरा अडकतं, पण पुढे या धंद्याचं मोठं बिऱ्हाड पुण्यातच आलं. अनंत अंतरकरांचे 'हंस', 'नवल', 'मोहिनी' हे एकाच घरातले तीन अंक. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेली 'साधना' आज शनिवार पेठेतून निघते. मी ज्या वर्षी कामाला लागले, त्याच वर्षी विद्या बाळांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं, आणि कधी न लिहिलेल्या कितीतरी बायका त्यात लिहित्या झाल्या.

अंकाचं गणित नवे लिहिणारे हमखास चुकतात. त्यांना दिवाळी आठवते ती गणपती गेल्यावर. तोवर आमचे फर्मे, म्हणजे जुळवलेल्या पानांचे गठ्ठे, छपाईला गेलेले असतात. कथा मे-जूनमध्ये हातात पडली, तर संपादकाला ती नीट वाचायला, परत पाठवायला, पुन्हा मागवायला वेळ असतो. ऑगस्टमध्ये आलेली कथा फार तर छापली जाते. दोन्हींत केवढा फरक आहे! पाठवण्याआधी त्या अंकाचे निदान दोन जुने अंक वाचा. विनोदी अंकाला आत्महत्येची कथा पाठवणारे लोक मी पाहिलेत, आणि हसूही आलेलं नाही.

मानधन? काही ठिकाणी बरं, बऱ्याच ठिकाणी पाकिटापुरतं, काही ठिकाणी अंकाची एक प्रत आणि आभाराचं पत्र. विचारायला लाजू नका. आमच्या कचेरीत 'मानधन किती' असं पत्रातच विचारणारा लेखक आला की हिशेबनीस कुरकुरायचे, पण त्याचा चेक पहिला निघायचा. अंकात वाचक मात्र नक्की मिळतो. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत एकेक अंक उन्हाळ्यापर्यंत घरोघर फिरतो. पानांवर चहाचे डाग पडतात, शब्दकोडी पेन्सिलीने सोडवलेली असतात. माझ्या पाचशे प्रतींपैकी एकीवरही असा डाग पडलेला मी पाहिला नाही.

पुस्तक करायचंच असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. हस्तलिखित तज्ज्ञांकडे जातं. वेळ लागतो, लागू दे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून आहे, वयाची अट पस्तीस, रक्कम पन्नास हजार. हे लिहून घ्या आणि विसरून जा. पुरस्कार डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

करारावर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण इथे आपली माणसं फार गाफील असतात. 'घरचंच प्रकाशन आहे हो, कागद कशाला' असं कोणी म्हणालं, की हसून कागद मागा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. किती वर्षांसाठी दिले हे करारात लिहिलेलं नसेल, तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जातात. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलेलं नसेल तर भारतापुरते. आणि २०१२ ची दुरुस्ती तर पाठच करा: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचे हक्क करारात त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाहीत. आता ऑडिओवाले मराठी कथा शोधत फिरतायत, मोबाइलवर गोष्टी ऐकणारी माणसं बसमध्ये दिसतात. तुमच्या करारात 'सर्व माध्यमे, सर्व काळ' अशी ओळ असेल, तर सही करायच्या आधी पेन खाली ठेवा. हक्क तुमच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे नातवंडांचा प्रश्न आहे, तुमच्या एकट्याचा नाही.

मघाशी गोष्टी ऐकण्याचं म्हटलं, त्यावरून आठवलं. तीन रविवारांची जी गोष्ट मी सांगितली, ती नाटकवाल्यांना फुकट मिळते. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे. कॉलेजातली पोरं भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर एकांकिका करतात, पण लेखकाचं शिक्षण होतं ते आधीच्या महिनाभराच्या तालमीत. नट वाक्य बोलतो, त्याची जीभ अडते, लेखक तिथेच कोपऱ्यात वाक्य बदलतो. कवी आणि कथाकारांनीही एखाद्या तालमीला नुसतं जाऊन बसावं. चहा आणायला पाठवतील, जा.

डिसेंबर २०२३ पासून फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही सकाळी जा, दुकान मांडत असतात तेव्हा. संपादक मंडळी तेव्हा जरा मोकळी असतात आणि त्यांना कोणाशी तरी बोलायचं असतं.

आणखी एक. तुमच्यातले किती जण मूळ पुण्याचे? हात वर करा. बघा, निम्मेही नाहीत. सदाशिव पेठेत आज अभ्यासिका आहेत, आणि तिथे नांदेडची, बीडची, यवतमाळची पोरं रात्री दोनला चहा पीत उभी असतात. चाकणला दुसरी पाळी सुटते. हडपसरला एकाच मजल्यावर चार जिल्ह्यांची मराठी बोलली जाते. हे पुणं कथेत अजून पुरतं आलेलं नाही. छापली जाते ती बहुतेक वेळा वाड्याची आठवण, चौकातला हौद, आणि आता तिथे इमारत झाली म्हणून हळहळ. बास झालं ते. मी वाड्यातच वाढले, म्हणून अधिकाराने म्हणते. तुमच्या खोलीतल्या चौघांपैकी 'कुठे चाललास' कोण कसं म्हणतो, ते जसंच्या तसं कागदावर येऊ द्या. लाल पेनवाल्या बाईला घाबरू नका. ती चुकू शकते, पोस्टकार्ड माझ्याकडे अजून आहे.

सभागृह साडेआठला बंद होतं आणि मामा मघापासून किल्ल्या वाजवतायत. प्रश्न जिन्यात उतरता उतरता विचारा. हस्तलिखितं कोणी आणली असतील तर आज देऊ नका, माझी पाठ धरली आहे, पिशवी उचलवत नाही. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहाला मी याच वाचनालयाच्या खालच्या खोलीत असते. गोष्ट घेऊन या, आणि वाचायची तुम्हीच, मोठ्याने. पेन्सिल मी आणते.